जगाचा इतिहास कोठून आरंभावा?

मृग लागला, पहिला पाऊस पडून गेला, कीं घरोघर शाळेची गडबड सुरू होते. वह्यांस वेष्टनें चढतात, थोरल्याचीं पुस्तकें धाकट्याकडे येतात, आणि आजोबा चष्मा लावून नातवाचें वेळापत्रक वाचतात. गणित, शास्त्र व इंग्रजी या विषयांपाशीं त्यांची दृष्टि थांबते. इतिहासापाशीं ती थांबत नाहीं. त्यांतून तो इतिहास जगाचा असला, तर घरांतील वडील माणसें म्हणतात, 'तें काय, परीक्षेच्या आधीं पाठ केलें म्हणजे झालें.' ठाण्याच्या एका हायस्कुलांत तीस वर्षांहून अधिक काळ हा विषय शिकवून मी निवृत्त झालों. या उपेक्षेचा दोष पालकांइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक, माझ्यासारख्या शिक्षकांकडे येतो. तो कसा, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

आरंभींचीं पुष्कळ वर्षें माझा जून महिन्यांतील पहिला तास ठरलेला असे. फळ्याच्या एका बाजूस सन, दुसऱ्या बाजूस प्रसंग. १४५३, तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें, १४९२, कोलंबस, १४९८, वास्को द गामा, १७७६, अमेरिका, १७८९, फ्रान्स, १९१४, पहिलें महायुद्ध. मुलें निमूटपणें उतरून घेत. निकाल बरा लागे, आणि त्यांतच मी संतुष्ट होतों. लहानपणीं अमरकोश व रूपावलि घोकून मी वाढलेला. आधीं पाठांतर, मग अर्थ, ही रीत माझ्या हाडींमासीं खिळलेली. पाठांतराची निंदा मी आजही करीत नाहीं. परंतु एक भेद माझ्या ध्यानांत फार उशिरां आला. कोशांतून पाठ केलेला शब्द पुढें रघुवंशांत भेटतो आणि आपली ओळख देतो. माझ्या फळ्यावरील सन मुलांस पुढें कोठेंच भेटत नसत.

एका वर्षीं दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालला होता. हिटलरच्या राजवटीनें सुमारें साठ लाख ज्यू लोकांचा संहार केला, हें वाक्य मीं टिपणांत उतरवून दिलें, आणि पुढच्या वाक्याकडे वळण्यापूर्वीं सहज विचारलें, 'ज्यू म्हणजे कोण, ठाऊक आहे का?' वर्ग गप्प राहिला. एक जण म्हणाला, 'जर्मनीचे शत्रु.' दुसरा म्हणाला, 'तिकडचे लोक, सर.' इतक्यांत मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. अभ्यासांत बेताचा, स्वभावानें अबोल. आडनांव कोंकणांतील एका गांवावरून पडलेलें, शेवटीं 'कर' असलेलें. तो खालीं पाहून म्हणाला, 'सर, आम्ही.'

वर्गांत कोणी हांसलें नाहीं. पण कोणी बोललेंही नाहीं. कित्येक वर्षें तो या मुलांच्या शेजारीं बसून डबा खात होता. मला त्याचें आडनांव पाठ होतें, पण माणूस ठाऊक नव्हता. इतकेंच नव्हे, तर शनिवारच्या सकाळच्या शाळेस तो वारंवार चुकतो म्हणून मीं त्यास एकदां सर्वांदेखत खडसावलें होतें. शनिवार हा त्याच्या घरीं विश्रांतीचा पवित्र वार आहे, हें जगाचा इतिहास शिकविणाऱ्या मास्तरास कळावयास नको होतें काय? आणि मौज अशी कीं, टेंभी नाक्यावरील ज्या सिनेगॉगवरून मी रोज सायकलनें शाळेस जात असें, त्याच्या दारांत मी एकदांही थांबलों नव्हतों.

पुढच्या रविवारीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों. त्याच्या आजीनें 'बसा, मास्तर' म्हणून चहा पुढें केला. त्या माउलीची मराठी थेट अलिबागकडची, आमच्या मावशीच्या तोंडीं शोभेल अशी. त्यांच्या समाजाची परंपरा सांगते कीं, फार पूर्वीं पश्चिमेकडून आलेलें एक गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांचा वंश कोंकणांत वाढला. पुष्कळांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. आपल्याला ते बेने इस्राएल म्हणवितात. मुंबईंत त्यांचें पहिलें सिनेगॉग सॅम्युअल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें. मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें, असें सांगतात. आमच्या टेंभी नाक्यावरचें १८७९ सालचें. नवस फेडतांना हीं मंडळी पोहे, खोबरें व फळें यांचा 'मलिदा' करितात आणि त्या वेळीं एलिया प्रेषिताचें स्मरण करितात. धर्म पश्चिम आशियाचा, पोहे कोंकणचे! आजीबाई बोलत होत्या आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतों.

त्या सबंध वर्षीं एकच विचार मनांत घोळत राहिला. जग आमच्या दाराशीं येऊन शतकें लोटलीं, आणि मी मात्र मुलांस तें नकाशावर दूर कोठें तरी दाखवीत बसलों.

पुढच्या जूनमध्यें पहिल्या तासास फळा कोरा ठेविला. पावसानें उघडीप दिली तो दिवस पाहून, मुख्याध्यापकांच्या परवानगीनें, वर्गास टेंभी नाक्यावर नेलें. दहावींत गेलेला तो मुलगा आपण होऊन बरोबर आला. सिनेगॉगच्या व्यवस्थापकांस मीं आधीं विचारून ठेविलें होतें. दाराशीं तोच पुढें झाला आणि म्हणाला, 'आंत या. पण आधीं डोकीं झांका.' मुलांनीं खिशांतले रुमाल काढून डोक्यांवर बांधले. त्या वेळीं तो खालीं पाहत नव्हता.

तेथून जवळच पारशांची अग्यारी आहे, १७८० सालची. आंत परधर्मीयांस प्रवेश नसतो, म्हणून आम्ही रस्त्यावरच उभे राहिलों. सातव्या शतकांत अरबांनीं इराणचें सासानी साम्राज्य जिंकलें. पुढें आपला अग्नि सांभाळीत कांहीं कुटुंबें समुद्रमार्गें गुजराथेंतील संजाणास उतरलीं. इस्लामचा उदय हा धडा कोणत्याही पुस्तकांत असतो. येथें त्याची एक लाट भिंतीच्या रूपानें समोर होती.

मासुंदा तलावाजवळच्या ख्रिस्ती देवळापाशीं पोर्तुगीज आठवले. त्यांनीं बांधावयास घेतलेला किल्ला १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आला, आणि दोन वर्षांनीं वसईही पडली. तलावाच्या कांठचें कोपिनेश्वराचें देऊळ १७६० सालीं सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें, तें या विजयानंतरच्या स्वस्थतेचें चिन्ह होय. पण ही स्वस्थता टिकली नाहीं. २८ डिसेंबर १७७४ रोजीं इंग्रजांच्या कंपनीनें ठाण्याचा किल्ला घेतला. पुढें त्याचा तुरुंग झाला, आणि त्याच तुरुंगांत १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तरुण फांशीं गेले.

येथें मीं मुलांस एक प्रश्न घातला. किल्ला पडला त्याच्या वर्षभर आधीं, १६ डिसेंबर १७७३ रोजीं, अमेरिकेंत बोस्टनच्या लोकांनीं चहाच्या पेट्या बंदरांत फेंकून दिल्या. तो चहा कोणाचा? क्षणभर शांतता, आणि मग एक मुलगी म्हणाली, 'याच कंपनीचा?' होय, याच कंपनीचा! १७७६ सालीं अमेरिकन वसाहतींनीं स्वातंत्र्य पुकारलें, तेव्हां पुण्याचे कारभारी त्याच इंग्रजांशीं तहाची घासाघीस करीत होते. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहिली. आणि पुढच्याच वर्षीं त्याच इंग्रजांनीं अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें. एकीकडे गेलें, दुसरीकडे मिळालें. माझ्या जुन्या फळ्यावर १७७६ हा सन एकटाच उभा असे. आतां त्यास शेजारी मिळाला, आणि तो मुलांच्या स्मरणांतून पुन्हां गेला नाहीं.

शेवटीं स्टेशन. १६ एप्रिल १८५३ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदराहून निघाली ती येथवर, एकवीस मैल. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित, आणि साहिब, सिंध व सुलतान नांवाचीं तीन इंजिनें. इंजिनें इंग्लंडहून आलेलीं. हा लोहमार्ग कोणासाठीं? मँचेस्टरच्या गिरण्यांस दख्खनचा कापूस हवा होता, तो बंदरापर्यंत लवकर पोंचावा, हें त्यामागचें एक मोठें कारण. औद्योगिक क्रांति म्हणजे काय, हें मुलांस रुळांकडे बोट करून सांगतां आलें.

या भ्रमंतींत एक गोष्ट सांगावी कीं न सांगावी, असा मला संकोच पडला होता. १३२१ सालीं ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन साधूंस धर्माच्या वादावरून ठार मारण्यांत आलें. पुढें ओदोरिक नांवाचा इटालियन यात्रेकरू येथें आला. त्यानें त्यांच्या अस्थि गोळा केल्या व समुद्रमार्गें चीनला नेल्या. इटली, ठाणें, चीन, आणि तेंही वास्को द गामाच्या पावणेदोनशें वर्षें आधीं! पण गोष्टींत रक्त आहे. ती मीं सांगितली. आपल्या गांवीं सर्व जण गुण्यागोविंदानें नांदले, एवढेंच सांगणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय. ज्या गांवानें कांहीं पाहुण्यांस आसरा दिला, त्याच गांवीं कांहींचे प्राणही गेले. हीं दोन्ही वाक्यें मुलांच्या वहींत शेजारीं शेजारीं असावीं.

आषाढी एकादशी याच सुमारास येते. मीं मुलांस सांगितलें, 'घरीं साबूदाण्याची खिचडी होईल, तिच्यांतील जिन्नस लिहून आणा.' साबूदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची. मग नकाशा उघडला. आपल्याकडे आज मिळणारा साबूदाणा बहुशः कसाव्याच्या कंदाचा. कसावा, भुईमूग, बटाटा, मिरची, चारही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तीं जगभर पसरलीं. अमरकोशांत 'मरीच' आहे, म्हणजे मिरीं, मिरची नाहीं. दुसऱ्या दिवशीं एका मुलानें आजीचा निरोप आणला: 'मास्तरांना विचार, म्हणजे आमचा एवढ्या वर्षांचा उपास मोडला का?' मीं उलट निरोप धाडिला कीं, उपास मोडला नाहीं. उलट विठोबाच्या पायांशीं सातासमुद्रांपलीकडचें अन्न आलें, हें त्याचें सामर्थ्य समजावें. तूप व जिरें तेवढें आपलें!

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. एका पालकांनीं मला रस्त्यांत थांबवून विचारलें, 'हें सर्व परीक्षेंत येणार आहे काय?' प्रश्न योग्य होता. मीं खरें तें सांगितलें: येणार नाहीं. तीन-चार तास खर्ची पडले, आणि माघ महिन्यांत मला शेवटचे धडे घाईनें उरकावे लागले. गुणही फारसे वाढले नाहींत. कमीही झाले नाहींत. मग लाभ कोणता? पूर्वीं वर्गांत प्रश्न मी विचारीत असें. आतां मुलें विचारूं लागलीं. आणि पुढें जेव्हां साठ लाखांचें तें वाक्य आलें, तेव्हां तें कोणीही केवळ उतरून घेतलें नाहीं. एका मुलीनें लेखणी खालीं ठेवून विचारलें, 'सर, म्हणजे ती आजी तिकडे असती, तर तिलाही?' मी 'होय' म्हणालों, आणि त्या दिवशीं टिपणें पुढें सांगितलीं नाहींत.

एक सावधगिरीची सूचनाही करणें अवश्य आहे. इतिहास घराजवळून आरंभावा, पण घराजवळच संपवूं नये. टेंभी नाका हा जगाचा मध्यबिंदु नव्हे. चीनचे राजवंश, आफ्रिकेंतील गुलामांचा व्यापार, रशियाची क्रांति यांच्या खुणा आपल्या गल्लींत सांपडतीलच असें नाहीं. त्या पुस्तकांतूनच शिकाव्या लागतात. परंतु ज्या मुलानें एकदां जवळचें दार उघडून पाहिलें, त्यास दूरचें दार परकें वाटत नाहीं.

हें काम केवळ शाळेचें नाहीं. एकत्र कुटुंबांत तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात, हें इतिहासाच्या शिक्षकास न मिळणारें भाग्य आपणांस लाभलें आहे. राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून, लोकांच्या घरांतील दप्तरें धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' उजेडांत आणिलीं. पहिला खंड १८९८ सालीं निघाला. तशीं साधनें आपल्याही माळ्यावर असूं शकतील. कोणाचे पणजोबा रंगूनला नोकरीस असतील, कोणाचे आजेचुलते लढाईंत इराकपर्यंत गेले असतील, कोणाच्या ट्रंकेंत महायुद्धाच्या काळचें रेशनचें कार्ड असेल. तें कार्ड नातवाच्या हातीं द्या, आणि त्या काळीं धान्य कां मोजून मिळत होतें तें सांगा. शेजारीं दुसऱ्या धर्माचें कुटुंब असेल, तर मुलास त्यांच्या घरीं पाठवून त्यांच्या सणाची गोष्ट ऐकूं द्या. मला जी गोष्ट उमगावयास निम्मी नोकरी लागली, ती त्यास बाराव्या वर्षीं उमगेल.

यंदा नातवाचें वेळापत्रक वाचतांना आजोबांनीं इतिहासाच्या तासापाशीं चष्मा क्षणभर स्थिर करावा, आणि त्यास विचारावें, 'वर्गांत तुझ्या शेजारीं कोण बसतो? त्याचे वाडवडील कोठून आले?' तोच जगाच्या इतिहासाचा पहिला धडा होय.