थेस्सलनीकाकरांच्या गावात

मराठी बायबलच्या नव्या करारात पौलाची दोन पत्रं आहेत, ‘थेस्सलनीकाकरांस’ पहिलं आणि दुसरं. भाषांतर करणाऱ्याने नागपूरकर, सातारकर म्हणावं तसं ग्रीसमधल्या एका बंदराच्या लोकांना बिनदिक्कत ‘कर’ लावून टाकलं आहे. पहिलं पत्र इ.स. ५०च्या सुमाराचं, नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक. वसईच्या किंवा नगरकडच्या चर्चमध्ये वाचन ऐकत वाढलेल्या माणसाला हे गाव नावाने तरी ओळखीचं असतं. बाकीचे आपण ग्रीस म्हटलं की अथेन्सला जातो, अ‍ॅक्रोपोलिससमोर फोटो काढतो आणि बेटांकडे निघतो. ताईचा आणि माझाही बेत तोच होता. बोटीच्या तिकिटांचा घोळ झाला, म्हणून आम्ही रेल्वेने उत्तरेला थेस्सालोनिकीला आलो. दोन दिवसांसाठी आलो आणि आठ दिवस राहिलो.

या गावाची जन्मकथाच घरगुती कटकटींची. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर मॅसिडोनियाची सत्ता कॅसँडरने बळकावली. अलेक्झांडरची आई ऑलिंपियास हिला त्याने मारवलं आणि लगोलग अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीशी लग्न केलं. तिचं नाव थेस्सालोनिके. बाप फिलिपने थेसालीत मिळवलेल्या विजयावरून ते ठेवलेलं. इ.स.पू. ३१५च्या सुमारास कॅसँडरने आखाताच्या काठी शहर वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. आसपासच्या २६ वस्त्या उठवून माणसं इथे आणली, असं स्त्राबो लिहितो. म्हणजे गाव वसलं तेच इतरांना उठवून. पुढे थेस्सालोनिकेला तिच्याच पोटच्या मुलाने मारलं. लोककथेने मात्र तिला मरू दिलं नाही. ती जलपरी झाली, समुद्रात गलबतं अडवून खलाशांना विचारत राहिली, ‘अलेक्झांडर राजा जिवंत आहे का?’ आहे म्हटलं तर वाट मोकळी, नाही म्हटलं तर गलबत तळाशी.

गावात पाय ठेवला की पहिल्यांदा भेटते ती ‘कामारा’. सम्राट गॅलेरिअसची ही विजयकमान, इ.स. ३००च्या आसपासची, इराणच्या नर्सेह राजावरच्या विजयाची. पण ‘गॅलेरिअसची कमान’ असं इथे कुणी म्हणत नाही. ‘सहा वाजता कामाराखाली’ म्हटलं की भेटीची जागा ठरली. कामारा म्हणजे कमानदार छत. हाच ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘कामेरा’ झाला, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे ‘कमरा’ झाला आणि इंग्रजीतून ‘कॅमेरा’ होऊन परत आला. तिथे फोटो काढणाऱ्या गर्दीत उभं राहून मी ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, “अगं, आधी ऊन बघ कुठून येतंय.”

ऊन तिरपं होतं आणि कोरीव पट्टे त्याच उन्हात वाचता येतात. एका पट्ट्यात गॅलेरिअस घोड्यावर बसून इराणी राजावर चाल करून जातोय. प्रत्यक्ष द्वंद्व झालंच नव्हतं, पण शिल्पकाराला कोण विचारणार? आणखी कुठे नजराणे घेऊन आलेले इराणी आणि चक्क हत्ती. संगमरवर धुराने काळवंडलाय, चेहरे झिजलेत. मूळ रचनेपैकी आता जेमतेम काही खांब उरलेत आणि त्यांना खेटून एग्नातिया रस्त्यावरून बस धावतात. रस्त्याचं नाव रोमन राजमार्गाचं. आजच्या अल्बानियातल्या बंदरापासून बायझँटियमपर्यंत जाणारा ‘विया एग्नातिया’ इ.स.पू. दुसऱ्या शतकात बांधला गेला.

कमानीपासून चार पावलांवर रोटंडा. बाहेरून ही विटांची अवजड गोल इमारत डोळ्यात भरत नाही, नाशिकच्या एखाद्या जुन्या गोदामासारखी वाटते. आत गेलं की आवाज बदलतो. आतला व्यास साडेचोवीस मीटर, भिंती सहा मीटरहून जाड. गॅलेरिअसने ती देऊळ म्हणून बांधली की स्वतःची समाधी म्हणून, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे. समाधी असेल तर तिला धनी मिळाला नाही, कारण तो ३११ मध्ये मेला आणि आजच्या सर्बियातल्या आपल्या जन्मगावी पुरला गेला. मग तिचं चर्च झालं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस मशीद, १९१२ नंतर पुन्हा चर्च आणि आता स्मारक. दाराबाहेर मिनार उभा आहे, शहरात धड राहिलेला तो एकटाच. तुर्की सत्ता गेल्यावर बाकीचे पाडले गेले.

मान वर करून घुमट बघायचा तर जमिनीवर आडवं व्हावं, असं वाटतं. रखवालदार होऊ देत नाही. घुमटाच्या खालच्या पट्ट्यात सोन्याच्या काचखड्यांच्या मोझेकमध्ये संत उभे आहेत, दोन्ही हात उंचावून, महिरपी-पडद्यांच्या एका काल्पनिक महालासमोर. प्रत्येकाच्या शेजारी नाव, धंदा आणि महिना लिहिलाय. कोस्मास, वैद्य, सप्टेंबर. फिलेमोन, वाजंत्री, मार्च. काही शिपाईगडी. ज्या महिन्यात ज्याचा सण, तो महिना. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे भिंतीवरचं कॅलेंडर. मला यात जास्त आवडला तो वाजंत्री. राजे-बिशपांच्या गावात एका वादकाला सोन्याची भिंत मिळालेली. २० जून १९७८च्या भूकंपात इमारतीला तडे गेले आणि पुढची कित्येक वर्षं आत पहाडच होती. म्हणजे शहरातल्या कित्येकांनी हे संत पहिल्यांदा पाहिले ते वयात आल्यावर.

पुरातत्त्वाची पाटी आणि कुंपण म्हणजे अवशेष, असं समजून फिरलं तर हे गाव चकवतं. एका भांड्यात दूध, मग ताक, मग रंग, तसं इथल्या दगडांचं. कुठलीच वास्तू मूळच्या कामाला टिकलेली नाही. सागराकाठचा पांढरा मनोरा बघा. पोस्टकार्डांवर तोच असतो. उस्मानी काळात तो तुरुंग होता आणि लोक त्याला ‘रक्ताचा मनोरा’ म्हणत. एका कैद्याने सुटकेच्या बदल्यात तो चुन्याने रंगवला, असं सांगतात. चुना केव्हाच उडाला, नाव राहिलं. आत आता शहराचं संग्रहालय आहे. मला मनोऱ्यापेक्षा त्याच्या पायथ्याची संध्याकाळ आवडली. तीळ लावलेलं कुलूरी खात लोक काठाने लांबच लांब चालतात आणि हवा स्वच्छ असेल तर आखातापलीकडे ऑलिंपस दिसतो. आम्हाला सहाव्या दिवशी दिसला, एवढासा, ढगाच्या खाली नाही तर वर.

आजचं मध्यवर्ती शहर मात्र शंभर वर्षांचंच आहे. १८ ऑगस्ट १९१७ला एका निर्वासिताच्या स्वयंपाकघरातून आग लागली. वांगी शिजत होती म्हणतात. वाऱ्यावर ती ३२ तास पेटत राहिली, साडेनऊ हजार घरं गेली, सत्तर हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले. तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि शहर दोस्त सैन्यांनी भरलेलं होतं. त्यांत हिंदुस्थानी शिपाई आणि खेचरांच्या तुकड्याही होत्या. मोनास्तीर रस्त्यावर त्यांची वेगळी दफनभूमी आहे. फ्रेंच सैन्यातलाच एक वास्तुविशारद, एर्नेस्त एब्रार, जो रोटंडाच्या परिसरात उत्खननही करत होता, त्याला नवं शहर आखायला सांगितलं गेलं. गल्लीबोळ पुसून त्याने रुंद सरळ रस्ते आणि समुद्राकडे उघडणारा अॅरिस्टॉटल चौक काढला. देखणाच आहे. पण जळालेल्या भागात ज्यांची घरं होती, त्यांतल्या बहुतेकांना तिथे परतता आलं नाही.

आगीत संत दिमित्रिओसचं चर्चही जळालं. हा शहराचा रक्षक संत, रोमन स्नानगृहात मारला गेलेला शिपाई. मोझेकचे काही तुकडे वाचले, त्यांतल्या एकात तो एका बिशप आणि एका अधिकाऱ्याच्या खांद्यांवर मित्रासारखे हात टाकून उभा आहे. आग विझल्यावर उघड झालं ते खालचं तळघर, म्हणजे त्या स्नानगृहाचेच अवशेष, उस्मानी काळात बुजलेलं आणि विसरलं गेलेलं. आज पायऱ्या उतरून गेलं की ओलसर गारवा लागतो. आपल्याकडच्या बारवेत लागतो तसा.

या शहरात एक माणूस दिसत नाही, आणि तोच या गावाचा मोठा हिस्सा होता. १४९२ला स्पेनने ज्यूंना हाकललं, ते उस्मानी आश्रयाला इथे आले आणि जुन्या स्पॅनिशमधून निघालेली लादिनो चारशे वर्षं बोलत राहिले. १९१३च्या ग्रीक जनगणनेत शहरात सुमारे १,५८,००० माणसं होती. त्यांत ज्यू ६१,०००, मुसलमान ४६,०००, ग्रीक ४०,०००. शनिवारी बंदर बंद असायचं, कारण हमाल ज्यू. पुढे १९२३च्या लोकसंख्या-अदलाबदलीत मुसलमान तुर्कस्तानात गेले आणि आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासित आले.

ज्यूंच्या एका घराच्या अंगणात रोमन काळातले कोरीव खांब होते, दोन्ही बाजूंनी देवदेवता कोरलेले. लादिनोत त्यांना ‘लास इंकांतादास’ म्हणत, म्हणजे मंतरलेल्या. १८६४ला एम्मान्युएल मिलेर नावाच्या फ्रेंच विद्वानाने ते उतरवून लूव्रला नेले. अजून तिथेच आहेत. इथे त्यांच्या प्रतिकृती आहेत, पुरातत्त्व संग्रहालयात. त्या पांढऱ्या नव्या मूर्तींपुढे मी फार थांबले नाही.

थांबले ते विद्यापीठात. रोटंडाच्या पूर्वेला अॅरिस्टॉटल विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, झाडं, भित्तीपत्रकं, बाकांवर कॉफी पिणारी मुलं. त्याच्याखाली ज्यू दफनभूमी आहे. अंदाजे तीन लाखांहून अधिक कबरी, युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मन ताब्यातल्या शहराच्या प्रशासनाने ती उखडायला घेतली आणि थडग्यांचे संगमरवरी दगड बांधकामाला मोकळे झाले. अंगणं, फरशा, चर्चच्या दुरुस्त्या, सगळीकडे गेले. पुढच्या वर्षी, १५ मार्च १९४३ला, माणसांची पहिली गाडी ऑशविट्झला निघाली. ऑगस्टपर्यंत पंचेचाळीस हजारांहून अधिक लोक नेले गेले, त्यांतले फार थोडे परतले. विद्यापीठात या दफनभूमीचं स्मारक उभं राहिलं ते २०१४ला. शोधत जावं लागतं. ताईने तिथे वाकून एक खडा ठेवला. ज्यूंची ही रीत तिला कुठून माहीत होती कोण जाणे. वाटेत पायाखाली कुठलाही पांढरा दगड आला की आम्ही दोघी खाली बघायचो.

आगीतून वाचलेला भाग म्हणजे वरचं गाव, आनो पोली. त्या चढावर नव्या चपला घालून जाण्याचा मूर्खपणा मी केला. लाकडी सज्जे पुढे काढलेली तुर्की घरं, दारात तुळशीचे डबे (तीच आपली तुळस नव्हे, चुलत बहीण), वर तटबंदी. एका गल्लीत ओसिओस दाविद नावाचं चिमुकलं चर्च आहे. त्यातलं पाचव्या शतकातलं मोझेक चुन्याखाली दडलेलं होतं, विसाव्या शतकात बाहेर आलं. त्यातला ख्रिस्त बिनदाढीचा, कोवळ्या पोरासारखा. आठ-दहा माणसं शिरली तर जागा भरते. तटाच्या त्रिगोनिऊ बुरुजावर सूर्यास्ताला गर्दी होते. खाली सगळं गाव, पलीकडे आखात. तटात जागोजागी जुने कोरीव संगमरवर विटांमध्ये चिणलेले आहेत, काहींवर अक्षरंही उलटी.

शेवटच्या दिवशी आम्ही मेट्रोत बसलो. या मेट्रोचं काम २००६ला सुरू झालं आणि गाडी धावली ३० नोव्हेंबर २०२४ला. तेरा स्थानकं, साडेनऊ किलोमीटर, चालकाविना गाड्या. पुण्या-मुंबईत खड्डे मोजणाऱ्यांनाही हा उशीर जास्त वाटेल. कारण जमीन. खणताना तीन लाखांहून अधिक वस्तू निघाल्या आणि वेनिझेलू स्थानकाच्या जागी, रस्त्यापासून पाच-सहा मीटर खाली, संगमरवरी फरसबंदीचा रोमन-बायझंटाईन हमरस्ता निघाला, आडव्या रस्त्याच्या चौकासकट, दोन्ही बाजूंना दुकानं. बायझंटाईन काळातल्या एका अख्ख्या बाजारचौकाचं असं दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळतं. मग भांडण. आधी म्हणाले उचलून दुसरीकडे नेऊ. मग जागेवरच ठेवू. मग २०१९ला नवं सरकार आलं आणि ठरलं, सुटं करून काढू, स्थानक बांधू, परत मांडू. पुरातत्त्वज्ञ कोर्टात गेले, हरले. दगडांना क्रमांक घालून ते उचलले गेले आणि परत आणले गेले. एकदा उखडून पुन्हा लावलेला रस्ता तोच रस्ता म्हणायचा का? ज्यांनी विरोध केला त्यांची बाजू मला पटते. पण हेही खरं की स्थानकाच्या वाटेवर तो रोज हजारोंच्या नजरेला पडतो, आणि संग्रहालयात पडला नसता.

खोल जाल तितकं जुनं, हा उत्खननाचा पहिला पाठ. वेनिझेलूला तो मोडतो. वर आजचा रस्ता, त्याखाली दीड हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याही खाली सगळ्यांत नवा, चकचकीत फलाट. आम्ही गाडीतून उतरून सरकत्या जिन्याने वर निघालो. बाजूने जुना बाजार दिसू लागला. पुढे एक आजी होत्या, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर. त्यांनी मान वळवून खालच्या दुकानांकडे एकदा नीट पाहिलं, मग आमच्याकडे, आणि ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाल्या. आम्हाला कळलं नाही. ताईने मराठीत ‘हो ना’ म्हटलं. त्यांना ते पटलं असावं.