नवी रॅम घेताय? आधी मदरबोर्डचं पूर्ण नाव वाचा

घरी कॉम्प्युटर जुळवताना चुकीची रॅम आली, तर जुन्नर-आंबेगावच्या ग्राहकाला ती दुप्पट महाग पडते. नारायणगावहून पुण्याची तापकीर गल्ली सुमारे ७५ किलोमीटर. बदलून आणायला पुन्हा तेवढीच फेरी, शिवाय फोडलेलं पाकीट दुकानदार परत घेईलच असं नाही. त्यात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर भडकले.

सर्वाधिक गोंधळ डीडीआर४ आणि डीडीआर५ मध्ये होतो. दोन्हींना २८८ पिना, लांबीही सारखीच. पण मधली खाच वेगळ्या जागी असते. व्होल्टेजही वेगळं, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावला तर नुकसान बोर्डाचं.

एएमडीचं सोपं आहे. एएम४ सॉकेटला डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलचे १२ ते १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मात्र दोन्ही चालवतात, त्यामुळे सगळं बोर्डावर ठरतं. असुसचा ‘प्राइम बी७६०एम-ए डी४’ डीडीआर४ घेतो. नावातलं ‘डी४’ गेलं की तोच बोर्ड डीडीआर५ चा. ऑनलाइन ऑर्डर करताना मोबाइलवर नेमकं हेच शेपूट कापलं जातं! म्हणून पूर्ण नाव कंपनीच्या वेबसाइटवर टाकून ‘मेमरी सपोर्ट’ची यादी पाहावी. यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असं नाही, ती कंपनीने तपासलेली नाही एवढंच.

जुना कॉम्प्युटर सुधारायचा असेल तर ‘सीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर बोर्डाचं नाव आणि रॅमचा प्रकार दाखवतं. एच६१ चिपसेटचे बोर्ड डीडीआर३ चे, तेही जास्तीत जास्त १६ जीबीपर्यंत. स्वस्तात मिळणारी सर्व्हरची ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम टाळावी. डीडीआर४ मधली अशी रॅम स्लॉटमध्ये बसते, पण साध्या बोर्डावर कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

पाकिटावरचा ६००० चा वेगही आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावं लागतं. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅम तपासून जुळवून घेत असतो, तोवर बटण दाबून बंद करू नये.