गाडीच्या पाण्याची जबानी

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर 2,000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. या आगीवर झाकण म्हणून बसलेलं सिलिंडर हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनिअमचं असतं. आणि ॲल्युमिनिअम वितळतं 660 अंशांना! तरीही वीस वर्षांची गाडी रोज सकाळी निमूटपणे ऑफिसला जाते. हे जमतं कसं?

हेडच्या पोटातल्या वाटांमधून सतत खेळणाऱ्या काही लिटर पाण्यामुळे. त्या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं मिसळली की ते कूलंट. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो आणि तितकाच सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेल्या उष्णतेतला मोठा भाग कूलंट उचलतं आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडून देतं.

आता ही गाडी पसरणी घाटाने पाचगणीमार्गे महाबळेश्वरला न्या. चढ खडा, गिअर खालचा, इंजिन जोरात आणि समोरून वारा जेमतेम. त्यात सुमारे 1,350 मीटर उंचीवर उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, आणि इंजिन तर नेहमीच्या चालीतही 90 अंशांच्या आसपास असतं. मग पाणी उकळत का नाही? रेडिएटरच्या टोपणामुळे. टोपणातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 0.9 बारने वाढू देते. कुकरची शिट्टी हेच करते. या दाबाखाली निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण 120 अंशांनाही उकळत नाही. म्हणून तर तापल्या गाडीचं टोपण कधीही उघडायचं नाही. दाब गेला की आतलं द्रव त्याच क्षणी उसळून वाफ होतं, आणि एका लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा मागते.

गाडी कुठे तापते, तेही ऐकून घ्यावं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर गार होते? मग आधी फॅनकडे बघा. वेगात किंवा चढावर तापते? रेडिएटर आतून तुंबला असण्याची शक्यता जास्त. इंजिन तापलंय पण रेडिएटर आणि त्याकडून येणारा पाइप गारच आहे? मग थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. हा थर्मोस्टॅट म्हणजे पितळी डबीत बंद केलेलं मेण. ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच गाड्यांत 82 किंवा 88 अंशांना, मेण वितळून फुगू लागतं आणि दांडा ढकलून पाण्याची वाट उघडतं. ना वायर, ना बॅटरी! हा भाग ‘कटकट नको’ म्हणून काढून टाकणारे गॅरेजवाले पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं.

पण खरी जबानी कूलंटचीच. गाडी पूर्ण गार झाल्यावर टोपण उघडा.

पाणी तांबूस-तपकिरी दिसलं तर तो लोखंडाचा गंज. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी घालून टॉपअप केलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. जड पाणी सोबत क्षारही आणतं. क्षारांच्या थरातून उष्णता इतक्या कष्टाने जाते की एक मिलीमीटरचा थर काही सेंटिमीटर जाड ओतीव लोखंडाइतका अडसर करतो.

त्याहून थक्क करणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. इग्निशन बंद ठेवून मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल वायर धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. काटा व्होल्ट दाखवतो! 1800 साली व्होल्टाने दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी घेऊन वीज काढली. इथे ओतीव लोखंड, ॲल्युमिनिअम आणि जुन्या रेडिएटरचं तांबं-पितळ एकाच पाण्यात उभं आहे. गंजरोधक संपले की इंजिन स्वतःच बॅटरी बनतं आणि स्वतःचाच धातू खात सुटतं. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.3 च्या पुढे गेला तर कूलंट बदला आणि इंजिनची अर्थिंगही तपासा.

आणि पाणी दुधाळ, चॉकलेटी, चिकट दिसलं तर? त्यात ऑइल शिरलंय. संशय पहिला हेड गॅस्केटवर. एक-दोन मिलीमीटर जाडीची ही पट्टी आग, ऑइल आणि पाणी या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवते. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिच्या खाली ओतीव लोखंड असतं आणि वर ॲल्युमिनिअम, जे तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. इंजिन 80 अंशांनी तापलं की 40 सेंटिमीटर लांबीत लोखंड सुमारे 0.35 मिलीमीटर वाढतं, ॲल्युमिनिअम 0.74. हे घासणं गॅस्केट रोज सोसतं. पाणी उकळेपर्यंत गाडी तापली की मात्र हेड वाकतं आणि गॅस्केट हार मानतं.

मग काय होतं बघा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्य, पण गरम कूलंटचा कायम. आता पाणी ऑइलमध्ये उतरतं. एकच भेग, दोन्ही दिशांची वाहतूक! (फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला तर घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली ती वाफही असू शकते.)

कधी ऑइल आणि पाणी दोन्ही स्वच्छ असतात, तरी गाडी पाणी पिते. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात पाइप दगडासारखे कडक होतात. अशा वेळी चांगला मेकॅनिक एक काचेची नळी काढतो. तिच्यात ब्रोमोथायमॉल ब्लू हे निळं द्रव असतं. रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी करून नळी तोंडावर बसवायची, इंजिन चालू ठेवायचं आणि रबरी फुग्याने आतली हवा द्रवातून ओढायची. निळा रंग पिवळा पडला की निकाल लागला. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, पेट्रोल इंजिनाच्या धुरात 13-14 टक्के. तो वायू द्रवात विरघळून आम्ल बनतो आणि आम्ल रंग बदलतं. रेडिएटरात धूर यायला वाट एकच, थेट सिलिंडरमधून.

त्यानंतर हेड उतरतं. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून मेकॅनिक खालून फिलर गेजची पाती सरकवून बघतो. अनेक छोट्या इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा असते 0.05 मिलीमीटर. त्याहून जाड पाती आत शिरली, तर नवं गॅस्केट बसवण्याआधी हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, जातं.