वय वाढवा

पहाटे चार. सोमवार, ८ मे २०२३. शाळेत रजा टाकली आहे. प्लेनोहून ऑस्टिन साडेतीन-चार तासांवर. परवा शनिवारी, आमच्या शेजारच्याच अ‍ॅलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये एकाने आठ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यांत लहान मुलं होती, भारतातून आलेली एक तरुण इंजिनिअरही. नवऱ्याने डबा हातात दिला. "पोचलीस की फोन कर गं." रोजचंच वाक्य, आज दोघांच्याही घशात अडकलं.

साडेआठ. टेक्सासच्या विधानभवनाच्या दारात मेटल डिटेक्टरची रांग. पिस्तुलाचा परवाना असलेल्यांना मात्र वेगळी, झटपट वाट. मी पर्स उघडून पोळी-भाजी दाखवते.

नऊ. युवाल्डीचे आईवडील मुलांचे फोटो छातीशी धरून उभे आहेत. २४ मे २०२२ रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. एका मुलीची ओळख पटली ती हिरव्या कॅनव्हासच्या बुटांवरून; उजव्या बुटावर तिने बदाम काढला होता.

बूट माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी दुसरीला शिकवते. लॉकडाउनच्या सरावात दिवे मालवून आम्ही भिंतीला टेकून गप्प बसतो. गेल्या खेपेला एकाच्या बुटातले लाल दिवे अंधारात लुकलुकू लागले. मी दोन्ही तळव्यांनी ते झाकले. तो माझ्या कानात म्हणाला, "टीचर, मी हलत नाहीये." सात वर्षांच्या मुलाला हे बोलावं लागतं, याची मला लाज वाटते.

अकरा. युवाल्डीचा मारेकरी अठरा वर्षांचा होता. अठरावा वाढदिवस झाला आणि त्याने दुकानातून रीतसर रायफली घेतल्या. इथे बिअरला एकवीस वर्षं लागतात, दुकानातून पिस्तूल घ्यायलाही एकवीस. अशा रायफलीला अठरा पुरतात. विधेयक क्र. २७४४ एवढंच मागतं: अर्धस्वयंचलित रायफलीलाही एकवीस. कुणाच्या घरातली बंदूक काढून घ्या, असं त्यात कुठेही नाही. पार्कलंडच्या शाळेत सतरा जण गेल्यावर फ्लोरिडाने २०१८ मध्ये वय वाढवलं. टेक्सासला काय अडतं?

दुपार. समितीतून विधेयक पुढे जायचा आजचा शेवटचा दिवस. मार्गिकेत घोषणा घुमतायत, "रेज द एज!" माझा आवाज केव्हाच बसलाय. मग मतदान: आठ विरुद्ध पाच, मंजूर. दोन रिपब्लिकन आमदार बाजूने आले. शेजारची अनोळखी बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

रात्री अकरा. घरी. डबा तसाच परत आला.

मंगळवारी रात्री पुढच्या टप्प्याची मुदत संपली. विधेयक सभागृहाच्या कामकाजाच्या यादीत आलंच नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत मी आमच्या आमदाराच्या कचेरीत फोन लावला. नाव सांगितलं, झिपकोड सांगितला, आणि आकडा: २७४४.