वर्गात झोपणारे मूल : आळस की आजार?

वर्गात मान टाकणाऱ्या मुलावर 'आळशी' हा शिक्का मारणे सोपे असते. आपल्या समाजाने असे शिक्के पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. म्हणून तो कोणावर मारण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी तरी थांबले पाहिजे.

बहुतेकांच्या पेंगण्याचे कारण साधे असते. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते, लहानांना त्याहून अधिक. ती मिळाली नाही की दिवसा डोळे मिटणारच. टॉन्सिल वाढलेले मूल घोरते, रात्री त्याचा श्वास अडखळतो आणि सकाळी ते थकलेलेच उठते. परंतु रात्री पुरेसे झोपूनही जे मूल महिनोन्‌महिने लिहिता लिहिता, जेवता जेवता झोपी जाते, त्याला 'नार्कोलेप्सी' असू शकते.

हे नाव फ्रेंच डॉक्टर गेलिनो यांनी १८८० मध्ये दिले. कारण उमगायला मात्र शतक उलटावे लागले. मेंदूतील काही मोजक्या पेशी ओरेक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते आपली जाग टिकवून धरते. १९९८ मध्ये या द्रव्याचा शोध लागला. २००० साली अशा रुग्णांच्या मेंदूत त्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्याचे आढळले. मग झोप आणि जाग यांच्यातील कुंपणच मोडते. स्वप्नांची झोप एरवी सुमारे दीड तासाने लागते. या मुलांना ती पंधरा मिनिटांतही गाठते. खळखळून हसताना एखाद्याचे गुडघे लटके पडतात, जबडा सुटतो, पण शुद्ध जात नाही. झोपेच्या उंबरठ्यावर भयंकर आकृती दिसतात आणि अंग हलवता येत नाही. शिक्षकांना हे सोंग वाटते, घरच्यांना बाहेरची बाधा. मांत्रिकाच्या दारात अशी वर्षे वाया जातात, याची आम्हाला विशेष खंत वाटते.

निदान निद्राविकारतज्ज्ञ करतात : रात्रभर झोपेची नोंद, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची चाचणी. आजार समूळ जात नाही, तरी औषधांनी मूल शिकू शकते. निवासी शाळेला येथे एक सोय आहे. मुलाची रात्र गृहपाल पाहतात, दिवस शिक्षक पाहतात. दोघांनी पंधरवडाभर एकाच वहीत नोंदी केल्या, तर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न सुटतात. निदानानंतर दुपारची वीस मिनिटांची डुलकी वेळापत्रकातच लिहून टाकावी, म्हणजे नव्या शिक्षकापुढे मुलाला रोज खुलासा करावा लागणार नाही.