'माल' : एक रूप, तीन कुळे

दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा आणते ती मालगाडी. हा 'माल' मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला. तेलुगूत मात्र 'माल' हे अस्पृश्य ठरवलेल्या एका जातीचे नाव. हैदराबादचे भाग्यरेड्डी वर्मा १८८८ साली याच जातीत जन्मले. शेवटचा 'अ' तेलुगूत स्पष्ट उच्चारतात, एवढाच फरक. आणि तेलुगूत फुलांचा हारही 'माल'च. तो संस्कृतातून आलेला. अक्षर तेच, पण त्या जातीच्या गळ्यात हार कुणी घातला नाही!

वर्गात हे सांगितले की विद्यार्थी तिघांची सोयरीक जुळवू पाहतात. ती जुळत नाही. ध्वनी मोजके, भाषा अनेक. रूपे योगायोगाने सारखी होणारच. नाते सांगायचे तर शब्दाचा प्रवास दाखवावा लागतो.

हीच कसोटी आपल्या नावांना लावू. 'महार' हा शब्द रा. गो. भांडारकरांनी 'मृताहार'वरून काढला, तर जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) 'महाअरी'वरून. एकीकडे मेलेले ढोर, दुसरीकडे मोठा शत्रू. माझे मन अर्थातच जोतीरावांकडे ओढते; पण उच्चारसाम्य हा पुरावा नव्हे, हे दोघांनाही लागू. 'मृताहार' सांगणारा भेटला तर विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे : मधली रूपे कोणत्या शिलालेखात, कोणत्या पोथीत आहेत?