कोकराची शुगर किती?

"आजी, आज तुझी शुगर किती आली?" हा प्रश्न तुमच्याही घरी ऐकू येत असेल. बोटाला टोचून मोजलेली शुगर फक्त त्या वेळची असते. जेवल्यावर ती वाढते, उपाशी राहिलं की उतरते. म्हणून डॉक्टर आणखी एक तपासणी सांगतात: एचबीए१सी. आपल्या लाल रक्तपेशींत हिमोग्लोबिन असतं. त्याला रक्तातली साखर चिकटते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो.

आता मेंढीकडे बघू. माणसाची उपाशीपोटी शुगर साधारण ७० ते १०० असते, मेंढीची ५० ते ८०. मग मेंढी आजारी आहे का? मुळीच नाही! तिच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यांत मोठ्या कप्प्यातले जंतू गवत आंबवतात. त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांतल्या एका आम्लापासून मेंढीचं यकृत साखर बनवतं. शिवाय मोठ्या मेंढीच्या लाल पेशींत साखर सहज शिरत नाही. त्यामुळे तिच्या हिमोग्लोबिनला साखर कमी चिकटते. म्हणजे आजीच्या रिपोर्टमधले आकडे मेंढीला लावता येत नाहीत.

कोकराचं आणखी वेगळं. ते दुधावर वाढतं, म्हणून त्याची शुगर आईपेक्षा जास्त असते. पण जन्मल्यावर त्याला आईचा चीक मिळाला नाही तर?

वेल्सच्या डोंगरांवर मार्च-एप्रिलमध्येही खूप गारठा असतो. नवं कोकरू अंगातली चरबी जाळून साधारण पाच तास ऊब टिकवतं. मग त्याची शुगर घसरते, अंग गार पडतं, ते मान टाकतं. अशा कोकराला लगेच शेकायचं नाही! आधी ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. उलट केलं तर गरम होणारं शरीर उरलीसुरली साखर संपवतं, मेंदूला साखर मिळत नाही आणि कोकरू झटके येऊन मरू शकतं.

आजीसाठी तीन महिन्यांचा हिशोब महत्त्वाचा. कोकरासाठी मात्र आत्ताची शुगर!

विचार करा आणि सांगा
१. मेंढीची शुगर कमी असूनही ती आजारी का नसते?
२. गार पडलेल्या कोकराला आधी काय द्यायचं? का?
३. तुमच्या घरी शुगर कोण तपासतं? त्यांना विचारून चार वाक्यं लिहा.